हात स्थिरावले, मन सुटले

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारे विधेयक संमत केले आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर त्याचे कायद्यात रूपांतर झाले. त्या निमित्ताने झालेली चर्चा प्रामुख्याने तरुणांभोवती फिरली. मोबाइलवर रमी खेळून कर्जबाजारी झालेला मुलगा, क्रिकेटच्या पैजांपायी फीचे पैसे घालवणारा विद्यार्थी, अशी चित्रे समोर आली आणि ती खोटी नव्हती. परंतु जुगाराकडे वळणाऱ्या माणसांचा आणखी एक वर्ग आहे आणि तो या चित्रांत कोठेच बसत नाही. वय पन्नाशी-साठीच्या घरातले, आयुष्यभर कसले व्यसन नाही, घरखर्चाचा हिशेब पै-पैचा. आणि असा माणूस एकाएकी रात्र-रात्र मोबाइलवर पत्ते खेळू लागतो, लॉटरीची तिकिटे घेऊ लागतो, पतसंस्थेतील ठेव मोडतो. त्याला हा नाद संगतीने लागलेला नसतो. कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सन्सच्या आजारासाठी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीमुळे तो लागलेला असतो.

'आवेग-नियंत्रण विकार' या नावाने हा प्रकार वैद्यकशास्त्राला गेली पंचवीस वर्षे परिचित आहे. अनावर जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणे आणि कामेच्छेचा अनावर अतिरेक ही त्याची चार प्रमुख रूपे मानली जातात. औषधाच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असतो. मेंदूविकारतज्ज्ञांच्या परिषदांत त्यावर निबंध वाचले जातात. तरीही रुग्णाच्या घरापर्यंत ही माहिती क्वचितच पोहोचते, आणि मोठ्या शहरापासून जितके दूर जावे तितकी ती विरळ होत जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूर हे असेच एक दूरचे गाव. अशा गावात हा विकार आजार म्हणून ओळखला जात नाही. तो माणसाच्या स्वभावाचा, चारित्र्याचा दोष ठरतो. घराची अब्रू, जमीन आणि नवरा-बायकोचे चाळीस वर्षांचे नाते त्यात पणाला लागते. वास्तविक यातील बरेचसे नुकसान एका साध्या प्रश्नाने टळू शकते. तो प्रश्न कोणी, कोणाला आणि केव्हा विचारायचा, हाच या विषयाचा गाभा आहे.

एक पाट, दोन वावरे

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली या आजाराचे पहिले नेटके वर्णन केले. हात थरथरणे, अंग ताठरणे, हालचाल मंदावणे ही त्याची ठळक लक्षणे. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी हळूहळू नष्ट होतात व त्या जे डोपामिन नावाचे रसायन तयार करतात त्याचा तुटवडा पडतो, हे मात्र कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले. मेंदूत गेल्यावर त्याचेच डोपामिन होते. अंथरुणाला खिळलेली माणसे या औषधाने उठून चालू लागली आणि आजही या आजारावरचे सर्वांत प्रभावी औषध तेच आहे.

तथापि काही वर्षांनी लेव्होडोपाचा प्रभाव दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत ओसरू लागतो आणि अंगाच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. ही अवस्था पुढे ढकलण्यासाठी, विशेषतः तुलनेने तरुण रुग्णांत, दुसऱ्या गटातील औषधे वापरली जाऊ लागली. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्यांतील प्रमुख. दोघांनाही अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतून मिळणारे रोटिगोटिन हेही याच गटातले. या औषधांचे डोपामिन होत नाही. ती डोपामिनची जागा घेतात, त्याचे सोंग घेऊन पेशींवरील ग्राहींना जाऊन चिकटतात. त्यांना डोपामिन अॅगोनिस्ट म्हणतात.

अडचण अशी की, डोपामिन केवळ हालचालीचे रसायन नाही. एखादी गोष्ट हवीशी वाटणे, ती मिळेल या अपेक्षेने उठून तिच्यामागे जाणे, मिळाल्यावर तो मार्ग पुन्हा धरणे, ही सारी मानवी प्रेरणा त्याच्याशी निगडित आहे. कंपवातात हालचालींचे नियमन करणारा मेंदूचा भाग आधी कोरडा पडतो. इच्छा आणि बक्षीस यांच्याशी संबंधित भाग त्या मानाने शाबूत असतो. एकाच पाटावर दोन वावरे असावीत आणि एक कोरडे, दुसरे ओले असावे, तशी ही स्थिती आहे. कोरड्या वावराला पुरेल इतके पाणी सोडले की ओले वावर तुंबते. त्यात प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल यांची ओढ 'डी-थ्री' नावाच्या ग्राहींकडे अधिक असते, आणि हे ग्राही इच्छा-बक्षिसाच्या भागातच विपुल आहेत.

याचा परिणाम निर्णयांवर कसा होतो, हे दाखवणारा एक प्रयोग २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. औषध न घेतलेले कंपवाताचे रुग्ण चुकांपासून, म्हणजे तोट्यापासून, अधिक चांगले शिकत होते. औषध घेतल्यावर मात्र ते लाभापासून शिकत आणि तोट्याचा धडा त्यांच्या मनावर ठसत नसे. जुगाराच्या संदर्भात हे निष्कर्ष फार बोलके आहेत. शंभर रुपये जिंकल्याचा आनंद मनात कोरला जातो आणि हजार हरल्याचा चटका बसत नाही. अशा माणसाला 'हरतोस तरी खेळतोस कशाला' असे विचारणे व्यर्थ ठरते.

आकडे काय सांगतात

हा दुष्परिणाम विरळा असेल तर त्याची इतकी चर्चा कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिका व कॅनडातील ४६ केंद्रांमध्ये ३,०९० रुग्णांची पाहणी करणाऱ्या 'डोमिनियन' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. डोपामिन अॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के रुग्णांत चारपैकी किमान एक विकार आढळला. ही औषधे न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.९ टक्के होते. म्हणजे गोळी घेणाऱ्या दर सहा जणांत एक. वय ६५ किंवा त्याहून कमी असणे, अविवाहित असणे, धूम्रपान आणि घराण्यात जुगाराचा इतिहास असणे, या बाबींमुळे धोका वाढत असल्याचेही त्यात दिसले.

ही एका वेळची पाहणी होती. रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवले तर चित्र अधिक गंभीर होते. फ्रान्समध्ये ४११ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा करण्यात आला व त्याचा वृत्तांत २०१८ साली आला. अॅगोनिस्ट कधी ना कधी घेतलेल्यांपैकी पाच वर्षांच्या काळात सुमारे निम्म्या रुग्णांना असा एखादा त्रास झाला होता. कधीच न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. मात्रा जितकी जास्त आणि उपचाराचा काळ जितका लांब, तितकी शक्यता अधिक, हेही त्यातून स्पष्ट झाले. गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात काही झाले नाही, म्हणून पुढे निर्धास्त राहता येत नाही.

हा पाश्चात्त्य देशांतील कॅसिनो संस्कृतीचा प्रश्न आहे, असे म्हणून तो बाजूला सारणेही शक्य नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील तज्ज्ञांनी ३०५ रुग्णांना प्रश्नावली देऊन केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४२ टक्के रुग्णांत या प्रकारची किमान एक वर्तणूक आढळली. प्रश्नावली ही चाळणी असते, निदान नव्हे. त्यामुळे हा आकडा थोडा सैल धरावा लागेल. पण त्यातील तपशील महत्त्वाचा आहे. जुगाराचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सर्वांत कमी होते. सर्वाधिक, म्हणजे सुमारे १२ टक्के, आढळली ती निरर्थक कृती तासन् तास करीत राहण्याची सवय. त्याखालोखाल, ११ टक्क्यांच्या जवळपास, कामेच्छेचा अतिरेक आणि सुमारे नऊ टक्के अनावर खरेदी. भारतीय घरांत हा विकार जुगारापेक्षा इतर रूपांतच अधिक वावरतो, असा याचा अर्थ निघतो. देशात २०१६ साली कंपवाताचे सुमारे ५ लाख ८० हजार रुग्ण असल्याचा अंदाज होता. त्यातील सर्वच जण ही औषधे घेत नाहीत. पण जे घेतात त्यांची संख्या लहान म्हणता येणार नाही.

घरात दिसते ते

ही रूपे घरात कशी दिसतात? कोणी पाण्याचा पंप किंवा घड्याळ उघडून दिवसभर जोडत बसतो, आणि जोडले की पुन्हा उघडतो. कोणी जुन्या पावत्या, कागदपत्रे काढून लावत राहतो आणि जेवायला उठवले तर चिडतो. कोणी रात्री दोन वाजता उठून डबे उघडून गोडधोड संपवतो. कोणी एकाच आठवड्यात तीन भ्रमणध्वनी घेतो, लागत नसलेली अवजारे आणतो, ओळखी-बिनओळखीच्यांना पैसे वाटतो. काही जण ठरलेल्या वेळेआधीच पुढची गोळी मागू लागतात, कारण गोळीने येणारी तरतरी हीच त्यांची गरज होऊन बसते. पुरुषांमध्ये कामेच्छेचा अतिरेक अधिक दिसतो, तर स्त्रियांमध्ये खरेदी व खाणे यांचे प्रमाण जास्त असते.

यांतील कोणतीही गोष्ट पाहून घरच्यांना कंपवाताच्या औषधाची आठवण होत नाही. उलट ही माणसे पूर्वीपेक्षा बरी दिसत असतात. हात स्थिर झालेले असतात, चाल सुधारलेली असते, चेहऱ्यावर भाव परतलेले असतात. स्मरणशक्ती ठीक असते, व्यवहाराचे बोलणे नीट असते. किंबहुना पैसे कोठून आणले हे लपवण्याइतकी हुशारीही शाबूत असते. त्यामुळे बुद्धीचा काही बिघाड असेल असे कोणाच्या मनात येत नाही. 'म्हातारपणी बुद्धी फिरली', 'आजारपणात लाडावले', 'मुळातलाच स्वभाव आता बाहेर आला', असे निवाडे दिले जातात. स्वतः रुग्णही हेच निवाडे स्वतःवर लादून घेतो. ज्याला आपल्या वागण्याची लाज वाटते तो ते डॉक्टरांना सांगत नाही, आणि ज्याला लाज वाटत नाही त्याला सांगण्यासारखे काही घडले आहे असेच वाटत नाही. कोणत्याही बाजूने डॉक्टरांपर्यंत तक्रार पोहोचत नाही.

सर्वांत गाढ शांतता असते ती वैवाहिक जीवनाबाबत. साठीच्या घरातील पतीची मागणी अचानक अनावर झाली, नकार दिला तर भांडण, संशय, क्वचित मारहाणही होऊ लागली, तर त्या घरातील स्त्रीने हे कोणाला सांगायचे? मुलाला सांगता येत नाही, सुनेला सांगता येत नाही; आणि दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसण्याची वेळ तिच्यावर येतच नाही. हा औषधाचा परिणाम असू शकतो आणि मात्रा बदलल्यावर तो जाऊ शकतो, एवढी माहितीसुद्धा तिच्यासाठी मोठा आधार ठरेल.

मलकापूरच्या वाटेवर

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे, शाहूवाडी तालुक्यात मलकापूर वसले आहे. विशाळगडाच्या परिसरातील हे बाजाराचे गाव. भोवतीच्या डोंगराळ वाड्यांचा दवाखाना, औषधे, बँक, बाजार यांचा राबता येथेच असतो. घाटमाथ्यावरील अनेक घरांतील कर्ते तरुण मुंबई-पुण्यात नोकरीला आणि गावी आई-वडील, ही या भागाची जुनी रीत आहे. मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचे तर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठावे लागते.

या अंतरात उपचाराची साखळी कशी चालते, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या वेळी मुलगा रजा काढून येतो आणि वडिलांना कोल्हापूरला नेतो. तपासणी होते, निदान होते, गोळ्या लिहून दिल्या जातात. पुढच्या दोन-तीन भेटींत मात्रा वाढवून बसवली जाते. हात थांबले, चालणे सुधारले, की फेऱ्या कमी होतात. कारण एका फेरीत सोबतच्या माणसाचा दिवस आणि प्रवासखर्च दोन्ही जातात. त्यानंतर तीच चिठ्ठी गावातल्या मेडिकलवर दाखवून गोळ्या घेतल्या जातात, किंवा मुलगा शहरातून पाठवतो. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावीत असा नियम आहे. पण चिठ्ठी किती जुनी आहे हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. आवेगाचे विकार उद्भवण्याची शक्यता वाढत जाते ती नेमकी याच, तज्ज्ञाची नजर नसलेल्या काळात.

शिवाय या साखळीत एक विचित्र विसंगती आहे. रात्री काय घडते हे पत्नीला ठाऊक असते. डॉक्टरांकडे जातो तो मुलगा, जो पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा घरी येतो. गोळ्या देतो तो औषध दुकानदार, ज्याला रुग्ण ओळखीचा असतो पण गोळीचा हा गुण माहीत नसतो. गावात कोणी काय विकले, कोठून कर्ज काढले, हे फॅमिली डॉक्टरांच्या कानावर येते. पण त्याचा गोळीशी संबंध त्यांच्याही लक्षात येईलच असे नाही. माहितीचे चार तुकडे चार माणसांकडे असतात आणि ते एकत्र येत नाहीत.

याच डोंगरभागाशी निगडित आणखी एक बाब आहे. सह्याद्रीच्या उतारावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बिया, म्हणजेच आयुर्वेदातील कपिकच्छू किंवा कवचबीज, कंपवातावर वापरल्या जातात. त्यामागे भक्कम आधार आहे. या बियांत लेव्होडोपा असते, हे १९३७ साली भारतीय संशोधकांनीच दाखवून दिले आणि पुढे त्यांपासून प्रमाणित औषधही तयार झाले. प्रश्न असतो तो मात्रेचा. ऐकीव माहितीवर घेतलेल्या चूर्णातून लेव्होडोपा किती पोटात गेले याचा हिशेब लागत नाही, आणि अॅलोपॅथीच्या गोळ्यांबरोबर ते चालू असल्याचे डॉक्टरांना सांगितले जात नाही. डोपामिनचा एकूण भार वाढतो, आणि त्याचे श्रेय किंवा दोष कोणाला द्यायचा हे कोणालाच कळत नाही. चूर्ण घेत असल्यास ते उघडपणे सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

जुगाराची साधने तर दाराशी आली आहेत. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेला मटका राज्यभर पसरला. त्याच दशकाच्या अखेरीस, १९६९ साली, राज्य सरकारची लॉटरी सुरू झाली. पूर्वी मटक्याच्या चिठ्ठीसाठी किमान घराबाहेर पडावे लागे आणि चार लोकांच्या नजरेस यावे लागे. मोबाइलने तीही अडचण दूर केली. नव्या कायद्याने वैध कंपन्यांचे खेळ बंद झाले तरी परदेशातून चालणाऱ्या बेकायदा संकेतस्थळांची दारे पूर्णपणे बंद होणे कठीण आहे. ज्याच्या मेंदूत औषधानेच हाव जागवली आहे, त्याला कायद्याचा धाक कितपत रोखेल, हा प्रश्न उरतोच.

न्यायालये आणि सातबारा

परदेशांत हा विषय न्यायालयांत गेला, तेव्हा प्रश्न औषध वाईट आहे की चांगले हा नव्हता. धोका माहीत असताना तो रुग्णाला सांगितला गेला का, एवढाच होता. अमेरिकेत मिनेसोटा येथील ज्यूरीने २००८ साली प्रामिपेक्सोल घेणाऱ्या एका रुग्णाला ८२ लाख डॉलर देण्याचा निर्णय उत्पादक कंपनीच्या विरोधात दिला. जुगारात त्याची मोठी पुंजी बुडाली होती. फ्रान्समध्ये रोपिनिरोल घेणाऱ्या एका माजी बँक व्यवस्थापकाने कुटुंबाची बचत जुगारात घालवली, चोऱ्याही केल्या. २००५ साली औषध थांबवल्यावर हे वागणे थांबले. त्याला २०१२ साली रेन येथील अपील न्यायालयाने सुमारे एक लाख ९७ हजार युरोंची भरपाई मंजूर केली. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे सांभाळलेल्या माणसाचे हे वागणे त्याच्या स्वभावातून आले असे म्हणणे कोणालाही अवघड जाईल.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या समीरा कोहली खटल्यात रुग्णाच्या संमतीविषयी महत्त्वाची तत्त्वे घालून दिली. उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि त्यातील लक्षणीय धोके यांची पुरेशी माहिती दिल्यावरच संमतीला अर्थ येतो. दूरचे, केवळ सैद्धांतिक धोके सांगत बसण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने म्हटले. सहा जणांत एकाला होणारा त्रास 'दूरचा' कसा म्हणता येईल? या तत्त्वांच्या आधारे पाहिले तर अॅगोनिस्ट लिहून देताना हा धोका तोंडी आणि लेखी सांगणे, हा डॉक्टरांच्या सौजन्याचा भाग न राहता कर्तव्याचा भाग ठरतो. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्ण व कुटुंबीय या दोघांनाही अशी माहिती द्यावी, असे स्पष्ट सांगितले आहे. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने २०२१ साली सुरुवातीच्या उपचारात लेव्होडोपाला प्राधान्य देण्याची शिफारस केली, तीत या विकारांचाही विचार होता.

नुकसान होऊन गेल्यावर मात्र कायद्याचा हात फार लांब पोहोचत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार व्यवहाराचे स्वरूप समजणारा व आपल्या हिताविषयी विवेकाने निर्णय करू शकणारा माणूस करार करण्यास सक्षम असतो. आवेगाने ग्रासलेला रुग्ण नोंदणी कार्यालयात सर्व प्रश्नांची बरोबर उत्तरे देतो. त्याने स्वकष्टार्जित जमीन विकली किंवा सोने गहाण टाकले, तर ते उलटवणे जवळजवळ अशक्य असते. वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार आव्हान देऊ शकतात, पण ती वर्षानुवर्षांची लढाई ठरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात कंपवाताचा समावेश आहे आणि संयुक्तपणे निर्णय घेणाऱ्या मर्यादित पालकत्वाची तरतूदही आहे. परंतु सातबारावरचे नाव बदलल्यावर कायद्याची पुस्तके उघडण्यापेक्षा, पहिली गोळी घेण्यापूर्वी घरात बोलणे अधिक शहाणपणाचे आहे.

करता येण्यासारखे

सर्वप्रथम एक इशारा. हे वाचून कोणीही गोळी आपणहून बंद करू नये. कंपवाताची औषधे एकदम थांबवल्यास अंग ताठरून, ताप येऊन जिवावर बेतू शकते. अॅगोनिस्ट घाईने कमी केल्यास तीव्र बेचैनी, नैराश्य आणि त्याच औषधाची तळमळ निर्माण होते, हेही २०१० पासून नोंदले गेले आहे. मात्रा हळूहळू कमी करणे, गरजेनुसार लेव्होडोपाकडे वळवणे, समुपदेशन, हे सर्व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते आणि बहुतेक रुग्णांत वागणे सुधारते. या औषधांनी हजारो माणसांना चालते-बोलते ठेवले आहे. प्रश्न औषध घ्यावे की नाही हा नाही. ते डोळे उघडे ठेवून घेण्याचा आहे. अस्वस्थ पायांच्या विकारावर याच गोळ्या कमी मात्रेत दिल्या जातात. त्या रुग्णांनाही हे लागू आहे.

डॉक्टरांच्या बाजूने तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. पहिली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी जुगार, दारू, धूम्रपान यांचा स्वतःचा व घराण्याचा इतिहास विचारणे. सोप्या मराठीतील एक पानाचे पत्रक चिठ्ठीबरोबर देणे. आणि प्रत्येक भेटीत 'खर्च, खाणे, खेळणे, शरीरसंबंध यांत काही बदल जाणवला का' हा प्रश्न विचारणे. शक्यतो पत्नीला किंवा घरात राहणाऱ्या माणसाला, आणि तोही एकट्याला. फेरी परवडत नसेल तेथे हा प्रश्न दूरध्वनीवरून विचारता येतो. सरकारच्या ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेचा उपयोग करता येतो आणि मानसिक ताणासाठी १४४१६ ही टेलि-मानस हेल्पलाइन २०२२ पासून उपलब्ध आहे. मलकापूरसारख्या ठिकाणी फॅमिली डॉक्टर आणि औषध दुकानदार यांना या औषधांची नावे व हा एक दुष्परिणाम एवढे जरी ठाऊक झाले, तरी साखळीतील तुटलेला दुवा बराचसा सांधला जाईल. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि त्याच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. अशा नोंदी झाल्याशिवाय महाराष्ट्रात या प्रश्नाची व्याप्ती किती, हे समजणार नाही.

कुटुंबाची भूमिका अधिक नाजूक आहे. शहरात राहणाऱ्या मुलांनी वडिलांच्या गोळ्यांची नावे एकदा वाचावीत आणि आईला एकांतात विचारावे. गोळी सुरू करतानाच, रुग्ण स्वस्थचित्त असताना, त्याच्याच संमतीने मोठ्या ठेवींवर दोघांच्या सह्या, मोबाइलवरील व्यवहारांना मर्यादा, अशा तजविजी कराव्यात. मात्र आजाराच्या नावाखाली घरातील कर्त्या माणसाचा सगळा अधिकार काढून घेणे हा दुसरा अन्याय ठरेल. त्याच्या हाती रोजच्या खर्चाचे पैसे आणि मान दोन्ही राहिले पाहिजेत.

मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ स्वमदत गट म्हणून रुग्ण व कुटुंबीयांसाठी काम करीत आहेत. व्यायाम, आहार, मनोबल यांविषयी अशा गटांत मोकळेपणाने बोलले जाते. त्याच मोकळेपणाने या विषयावरही बोलले गेले, तर कंपवाताइतकाच हाही औषधोपचाराचा एक भाग आहे हे समाजाच्या गळी उतरेल. गुडघेदुखीच्या गोळीने पोटात जळजळ होते, हे मलकापूरच्या बाजारातील कोणीही सांगेल आणि त्याबद्दल कोणी रुग्णाला दोष देत नाही. मेंदूवरील गोळीने मनात हाव उसळते, हेही तितक्याच सहजतेने सांगता यायला हवे. जिल्हा आरोग्य यंत्रणेने, वैद्यकीय संघटनांनी आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी मिळून ते एक पानाचे मराठी पत्रक तयार केले, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. त्यामुळे एखाद्या घरातील ठेव, एखाद्या वृद्धेची शांत झोप आणि एखाद्या प्रामाणिक माणसाची आयुष्यभराची पत वाचू शकेल.